निवृत्तीनंतरचा मेडिक्लेम : चौदा महिन्यांचा अनुभव

सप्टेंबर २०२४ मध्ये निवृत्त झालो, नोकरीतला समूह विमा तिथेच संपला आणि ऑक्टोबरमध्ये आम्हा दोघांसाठी पाच लाखांची ज्येष्ठ नागरिकांची पॉलिसी घेतली. वीस टक्के को-पे (मान्य रकमेतला आपण भरायचा वाटा) आणि खोलीचे भाडे दिवसाला विमा रकमेच्या एक टक्क्यापर्यंतच, या अटी वाचल्या होत्या. बिलावर त्यांचा परिणाम किती होईल, हे मात्र मांडून पाहिले नाही.

जुलै २०२५ मध्ये पत्नीला न्यूमोनिया झाला. पाच हजारांची खोली रिकामी नव्हती, म्हणून आठ हजारांची घेतली. वरचे तीन हजार रोज आपण भरू, एवढाच आमचा हिशेब होता. प्रत्यक्षात खोलीच्या भाड्याबरोबर डॉक्टरांच्या भेटी आणि नर्सिंगचे शुल्कही आठाला पाच याच प्रमाणात कापले गेले. एकूण बिल १,६०,००० रुपयांचे होते. त्यातले या खर्चांचे १,०४,००० रुपये ६५,००० वर आले, औषधे-तपासण्यांच्या ५६,००० मधून हातमोजे, मास्क वगैरेंचे ६,००० वजा झाले आणि उरलेल्या १,१५,००० वर को-पे लागून ९२,००० मंजूर झाले. ६८,००० रुपये आम्ही भरले.

दाखल होतानाची कॅशलेस मंजुरी, म्हणजे कंपनी थेट रुग्णालयाला पैसे देईल ही संमती, तासाभरात आली, ती सोय खरोखर मोलाची वाटली. डिस्चार्जची अंतिम मंजुरी नियमाने तीन तासांत मिळायला हवी, पण सकाळी अकराला पाठवलेल्या बिलाला उत्तर यायला संध्याकाळचे सहा वाजले. सलाईनची सुई काढलेल्या जागी कापूस दाबून पत्नी तोवर पलंगाच्या कडेला बसून होती. आजारातून उठलेल्या माणसाला असे ताटकळत ठेवणे मला फार लागले.

ऑगस्टच्या अखेरीस पोर्टिंगचा, म्हणजे पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेण्याचा अर्ज केला. माझा मधुमेह पहिल्या दिवसापासून लिहून दिलेला असल्यामुळे प्रतीक्षाकाळातले (आधीपासूनच्या आजाराला विमा लागू होईपर्यंतच्या काळातले) भरलेले वर्ष नव्या पॉलिसीत धरले गेले. इथे को-पे नाही आणि सिंगल खोलीला भाड्याची मर्यादा नाही. पूर्वी ३६,००० वर अठरा टक्के जीएसटी धरून ४२,४८० भरत होतो. आता ५१,००० भरतो आणि त्यावर जीएसटी नाही, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा हा कर उठला आहे. जास्तीचे साडेआठ हजार मला योग्य वाटतात. नवी कंपनी अर्ज नाकारू शकते, म्हणून तिचे मंजुरीपत्र हाती येईपर्यंत जुन्या पॉलिसीच्या नूतनीकरणाची रक्कम मी बाजूला काढून ठेवली होती.