पद्मिनीचा हँडगिअर: वर्षभराच्या वापरानंतर

माझ्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या गिअर लिंकेजचा (दांडा आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या सळ्यांचा) बुश, म्हणजे सांध्यात बसणारी छोटी नळी, दोन महिन्यांत चुरा झाला, म्हणून हे लिहायला बसलो. दुकानदाराने 'ओरिजिनल, जुना स्टॉक' म्हणून दिला होता. परत घेऊन गेलो तर म्हणतो, "साहेब, एवढी जुनी गाडी, चालायचंच." अजिबात नाही चालायचं. गाडी जुनी आहे, बुश नवा होता!

पद्मिनी 1986 ची आहे. 1089 सीसीचं इंजिन, अ‍ॅव्हरेज वगैरे तुम्हाला ठाऊक आहेच. मला लिटरला बारा-तेरा मिळतं, तक्रार नाही. माझं सगळं लक्ष त्या हँडगिअरवर, म्हणजे स्टिअरिंगखालच्या गिअरच्या दांड्यावर. दांड्याची हालचाल स्टिअरिंगच्या कॉलमवरून खाली आणि तिथून सळ्यांनी गिअरबॉक्सपर्यंत जाते. सांध्यासांध्यात बुश आहेत. प्रत्येक जण थोडा थोडा झिजतो आणि सगळी ढिलाई दांड्याच्या टोकाशी जमा होते. मग पहिल्यातून दुसऱ्यात टाकताना दांडा मधेच अडतो, ना पुढे ना मागे. खाली उतरायचं, बॉनेट उघडायचं, सळ्या हाताने हलवून न्यूट्रल काढायचा, ग्रीसने बरबटलेल्या हातांनी परत स्टिअरिंग धरायचं. मागची बस तोवर हॉर्न सोडत नाही.

पहिले काही महिने माझं ठाम मत होतं की हे काढून फ्लोअर गिअर, म्हणजे दोन सीटच्या मधे खाली उभा असतो तो दांडा, बसवावा. पद्मिनीच्या शेवटच्या एस-1 मॉडेलमध्ये कंपनीनेच तो दिला होता, आणि समोर सलग सीटऐवजी दोन वेगळ्या बकेट सीटही आल्या. गॅरेजवाल्याकडून खर्चाचा अंदाजही घेतला होता.

ते मत दिवाळीत बदललं. आत्याचे गुडघे दुखतात, मागे बसून तिला पाय लांब करता येत नाहीत. ती पुढे आमच्या दोघांच्या मधे बसली, बाबा खिडकीशी, आणि पाय सरळ सोडून गावापर्यंत आरामात आली. मधे दांडा नाही, काही नाही. त्रिकोणी काच तिरकी केली की वारा थेट अंगावर येतो. एसीची आठवणही कुणी काढली नाही. हँडगिअर कशासाठी आहे ते त्या दिवशी पटलं. आता तो काढणार नाही.

पण मग बुश आणायचे कुठून? 'डुक्कर फियाट' म्हणायचे त्या गोल पाठीच्या जुन्या 1100 नंतर, 1964 मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यात 1100 डी बनायला लागली. आपली पद्मिनी तीच. इटलीत ती 1962 ला आली आणि 1966 मध्ये संपलीही. इथे 1972 ला प्रेसिडेंट, 1974 ला पद्मिनी अशी नावं बदलली. बॉडी तीच राहिली. मोटारी बनवायचे परवाने मोजक्यांनाच, गिऱ्हाईक वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेलं, बदलायची घाई कुणाला असणार? निसानच्या इंजिनाची, कंपनीची नवी गाडी 118 एनई आली तीही 1985 मध्ये, मारुती रस्त्यावर आल्यानंतर. (एनई मला कधीच आवडली नाही.) आज मात्र त्या न बदलण्याचाच फायदा होतो: वेगवेगळ्या सालच्या गाड्यांचे बरेचसे भाग एकमेकींना बसतात, आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी भंगारात निघत होत्या तोवर चांगला माल मिळायचा.

तो झरा आटलाय. शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली. वीस वर्षांची मुदत भरली आणि 2023 च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली. कारखान्याच्या जागेवर कोहिनूर सिटीच्या इमारती आहेत. म्हणून डुप्लिकेटवाल्यांचं फावतं. जुनी गाडी ठेवणाऱ्याला आधीच भुर्दंड कमी नाही. पंधरा वर्षांवरच्या खासगी गाडीचं आरसी (नोंदणी) नूतनीकरण 2022 मध्ये 600 रुपयांचं 5000 झालं होतं. त्यात हा भिकार बुश.

शेवटी लेथवाल्याकडे झिजका नमुना नेला. त्याने व्हर्नियरने बारीक माप घेऊन पितळेचे बुश कातून दिले, पूर्ण सेट, दुकानातल्यापेक्षा स्वस्त. बसवल्यापासून गिअर एकदाही अडकलेला नाही, दुसरा तर दोन बोटांनी पडतो. ग्रीस मात्र वेळेवर लागतं.

पद्मिनी बघायला जाणार असाल तर रंग, क्रोम नंतर बघा. आधी इंजिन बंद ठेवून दांडा चारही गिअरमधून फिरवा आणि बॉनेट उघडून सळ्या हलवून बघा. खडखडल्या तर लिंकेजचा खर्च किमतीतून कापून घ्या.