बाटलीवर मेंदूचं नावच नाही: नागपुरातल्या एका एक्सोसोम क्लिनिकचा रिव्ह्यू

सेवा: मेंदूच्या गाठीवर स्टेम सेलच्या, म्हणजे मूळ पेशींच्या, एक्सोसोमचं इंजेक्शन. तारे: पाचपैकी एक. क्लिनिकचं नाव लिहीत नाही.

पेशंट माझा साळा. ऑपरेशन झालं, रिपोर्टवर ग्लिओब्लास्टोमा आला, म्हणजे मेंदूचा कॅन्सर, ग्रेड ४. आता रेडिएशनचे ३० शेक आणि सोबत टेमोझोलोमाइड या कॅन्सरच्या औषधाच्या कॅप्सूल सुरू आहेत. मधातच सासऱ्यांच्या मोबाईलवर कोणीतरी व्हिडिओ टाकला आणि त्यांनी फोनवरूनच बुकिंगचे पाच हजार भरून टाकले. मग मला म्हणाले, "जावईबापू, तुमचं औषधाचंच दुकान आहे, तुम्ही पाहून या बरं." माझं दुकान म्हणजे दारव्ह्यातलं कृषी सेवा केंद्र. पिकाची औषधं विकतो मी. पण बाटली वाचता येते.

रिसेप्शन चकाचक, चहा चांगला, समजावून सांगणारी पोरगी अदबीनं बोलणारी. तिनं जे सांगितलं त्यातलं बरंचसं खरंही होतं. आपल्या पेशी बारीक बारीक पिशव्या बाहेर सोडतात, साधारण ३० ते १५० नॅनोमीटरच्या. त्यांनाच एक्सोसोम म्हणतात. त्यांत प्रथिनं असतात, आरएनए असतो, आणि एका पेशीचा निरोप त्या दुसरीकडे नेतात. मेंदूच्या रक्तवाहिन्यांची भिंत बहुतेक औषधं आत येऊच देत नाही, या पिशव्या मात्र ती ओलांडू शकतात अशी शास्त्रज्ञांना आशा आहे. इथवर ठीक.

मी म्हटलं, बाटली दाखवा. जरा कुरकुर झाली, मग साध्या फ्रिजमधून आणली. प्रयोगशाळेत हा माल सहसा उणे ८० डिग्रीत ठेवतात, हे मला नंतर कळलं. लेबलवर बॅच नंबर, एक्सपायरी, '२० अब्ज कण' आणि खाली बारीक अक्षरात 'फक्त बाह्य वापरासाठी'. कोणत्या आजारावर, किती मात्रा, पेशी कोणाच्या, काही नाही. म्हणजे चेहऱ्याला लावायचा माल हे शिरेतून देणार होते.

आमच्या धंद्यात याला लेबल क्लेम म्हणतात. कोणतं पीक, कोणती कीड, एकरी किती, काढणीआधी किती दिवस थांबायचं, विषबाधा झाली तर काय द्यायचं, सगळं बाटलीवर पाहिजे. २०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. तेव्हापासून पऱ्हाटीवर, म्हणजे कापसावर, चालतं का हे बाटलीवर लिहिलेलं नसेल तर मी ती काउंटरवरून देत नाही, गिऱ्हाईक कितीही बोंबलो. म्हणून विचारलं, "मॅडम, याच्यावर मेंदूच्या गाठीचा क्लेम कुठं आहे?"

"काका, हे नॅचरल आहे नं, याला साइड इफेक्टच नाही."

निकोटीनही तंबाखूतूनच येतं जी. एकेकाळी त्याचीच फवारणी व्हायची.

पुरावा म्हणून दोन शोधनिबंधांच्या झेरॉक्स दिल्या. माझी भाची नर्सिंगला आहे, तिच्याकडून रात्री समजून घेतल्या. पहिला २०१३ चा, अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलचा. एक्सोसोममध्ये मिआर-१४६बी नावाचा आरएनए भरला, सरळ गाठीत टोचला, गाठीची वाढ कमी झाली. उंदरांमध्ये. दुसरा २०१८ चा, ह्यूस्टनच्या एमडी अँडरसनचा. त्यात मिआर-१२४ए भरलेला, तेही उंदीरच. दोन्हीकडे काम केलं ते आत मुद्दाम भरलेल्या मालानं. यांच्या बाटलीत तसं काही भरल्याचं लिहिलेलंच नाही, वरून इंजेक्शन हाताच्या शिरेत. शिरेतून दिलेल्या अशा पिशव्यांतल्या बऱ्याचशा यकृत आणि प्लीहेत जाऊन बसतात. आणि भाचीनं सांगितलेली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे गाठसुद्धा स्वतःच्या अशाच पिशव्या सोडून आजूबाजूच्या पेशींना आपल्या बाजूला वळवते. २००८ मध्येच ग्लिओब्लास्टोमावर ते दाखवलं गेलंय. म्हणजे स्टेम सेलची पिशवी कोणाच्या बाजूनं काम करंल, हे आत काय आहे त्यावर ठरणार. तेच जर बाटलीवर नसेल तर काय टोचता?

संशोधन फालतू आहे असं मी म्हणत नाही. उद्या यातूनच औषध निघालं तर पहिला मी पेढे वाटीन. पण साळ्याच्या त्या कॅप्सूलचा हिशेब पाहा. २००५ साली ५७३ पेशंटवरची चाचणी छापून आली. नुसता शेक दिला तर निम्मे पेशंट १२.१ महिन्यांहून जास्त जगले, कॅप्सूल जोडली तर १४.६. अडीच महिने वाढले, तेवढंच त्यांनी लिहिलं. इथं पोरगी "गाठ विरघळते" म्हणत होती, कागद एकही नाही.

भाव एका डोसचा १ लाख ४० हजार, आणि डोस चार. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव ८,११० रुपये धरला तर एका डोसला सव्वासतरा क्विंटल कापूस गेला. सासऱ्यांच्या कोरडवाहू वावरात तेवढा चांगल्या सालीही तीन एकरांत होतो, अन् तेही बोंडअळीनं सोडला तर.

कोणी जाणारच असेल तर आधी सीटीआरआयचा नंबर मागा. क्लिनिकल ट्रायलची ती सरकारी नोंदवही आहे, कोणालाही मोबाईलवर पाहता येते. आयसीएमआर ही वैद्यकीय संशोधनाची सरकारी संस्था, तिच्या २०१७ च्या नियमावलीत रक्ताच्या आजारांवरचं मान्य प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेल फक्त मंजूर ट्रायलमध्येच द्यायच्या आहेत, आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून औषधाचे पैसे घ्यायचे नसतात. अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्यानंही, म्हणजे एफडीएनं, डिसेंबर २०१९ मध्ये लोकांना सावध केलं होतं, नेब्रास्कात असे एक्सोसोम घेतलेल्या काही जणांना गंभीर त्रास झाल्यावर. मी नंबर मागितला तर "डॉक्टर मीटिंगमध्ये आहेत" म्हणाले.

सासरे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. साळ्याला मात्र मी बाटलीवर काय लिहिलंय ते जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, "भाऊजी, शेक चुकवू नका म्हणजे झालं, गाडीचं पाहा." गाडीचं पाहिलं.

बुकिंगचे पाच हजार अजून परत आले नाहीत. आले की चहासाठी एक तारा वाढवतो.