मसाई मारा: लॉज घ्यावा की टेंट?

केनियातल्या मसाई मारा अभयारण्याच्या सहलीचं कोटेशन हातात आलं की पुष्कळांना पहिला धक्का बसतो तो टेंटच्या दराचा. लॉजपेक्षा कापडी तंबू महाग? छापताना अदलाबदल झाली असावी, असं वाटतं. झालेली नसते. केनियात ‘टेंटेड कॅम्प’ म्हणजे ट्रेकला पाठीवर टाकून नेतो तो तंबू नव्हे. पक्क्या जोत्यावर ताणलेलं जाड कॅनव्हास, आत खराखुरा पलंग, मागे जोडून संडास-बाथरूम, पुढे दोन खुर्च्या मावतील एवढा व्हरांडा. दहा-पंधरा तंबूंचे छोटे कॅम्प शंभर खोल्यांच्या लॉजपेक्षा बरेच महाग असू शकतात. त्यामुळे ‘पैसे कमी असतील तर टेंट’ हा हिशेब इथे विसरायचा.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न कोटेशनमध्ये सहसा नसतोच: मुक्काम फाटकाच्या आत आहे की बाहेर? ताडोब्याला आपण बाहेर राहतो आणि पहाटे फाटकाशी गाड्यांच्या रांगेत लागतो. मारामध्ये आतही राहता येतं. परदेशी प्रौढाचं तिकीट जानेवारी ते जून १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर, तेही सकाळी सहा ते संध्याकाळी सहा एवढ्याच वेळाचं. सेकेनानी फाटकाबाहेर स्वस्त कॅम्पांची रांगच आहे. खोलीमागे पैसे वाचतात, पण पहाटेचा सोन्यासारखा तास फाटकावर पावती फाडण्यात जातो. आत राहणाऱ्याला चहा पिऊन निघालं की दहा मिनिटांत जनावरं दिसायला लागतात. मात्र परतीच्या दिवशी सकाळी दहाच्या आत बाहेर पडावं लागतं, नाहीतर आणखी एका दिवसाचं तिकीट. नाश्ता रमतगमत करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

तिसरा पर्याय रिझर्व्हला, म्हणजे मूळ अभयारण्याला, लागून असलेल्या कन्झर्व्हन्सींचा, म्हणजे खाजगी राखीव रानांचा: नाबोइशो, ओलारे मोतोरोगी, मारा नॉर्थ. ही जमीन मसाई कुटुंबांची, कॅम्पवाले त्यांना भाडं देतात. तिथे रात्रीची सफारी होते, वाटाड्यासोबत पायी फिरता येतं, गाडी रस्ता सोडून गवतात घालता येते आणि एका सिंहाभोवती मोजक्याच गाड्या थांबू देतात. रिझर्व्हमध्ये रात्रीची सफारी, पायी फिरणं, रस्ता सोडणं चालत नाही. इथे जवळपास सगळे टेंटच आहेत आणि बहुतेक महागडे. मारा नदी ओलांडणारे विल्डबीस्टचे (हरणांच्या कुळातल्या दांडग्या जनावरांचे) कळप पाहायचे तर रिझर्व्हचं तिकीट वेगळं काढावंच लागतं.

आता लॉज. सर्वांत जुना कीकोरोक, १९६२ चा. पाणघोड्यांच्या डबक्यापर्यंत नेणारी लाकडी वाट ही तिथली खासियत, दुपारच्या मोकळ्या वेळात ती बरी पडते. दुसरा मारा सेरेना. हा मारा नदीच्या पश्चिमेला, मारा ट्रँगल या रिझर्व्हच्याच भागात, टेकडीवर आहे. खोल्या मसाई झोपड्यांच्या घाटाच्या, आणि समोर खाली सगळं मैदान पसरलेलं. ट्रँगलचा कारभार २००१ पासून वेगळ्या संस्थेकडे आहे, आणि तिकडे गर्दी कमी असते असं मला वाटतं. पण सेकेनानीकडून यायचं तर टांझानियाच्या हद्दीजवळच्या पुरुंगाट पुलावरून वळसा घ्यावा लागतो. नैरोबीपासून सेकेनानी पाच-सहा तास, त्यावर हा वळसा. सत्तरीतल्या आई-बाबांना एका दिवसात एवढं बसवू नये. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने पाऊण-एक तासात पोचता येतं, फक्त सामान १५ किलो आणि तेही मऊ बॅगेत. चाकांची कडक बॅग नैरोबीच्या हॉटेलात ठेवून जायची.

लॉजमध्ये मिळतं ते आपल्याला ओळखीचं असतं. दार, कुलूप, चोवीस तास वीज, पोहण्याचा तलाव, आणि बुफेमध्ये डाळ, भाजी, चपाती. चपाती तर केनियात घरोघरी होते. जैन जेवण आधी कळवलं तर सोय होते. उणीव म्हणाल तर गर्दी. जुलै-ऑगस्टमध्ये जेवणाच्या वेळी लग्नाच्या हॉलसारखा गलका असतो, आणि रात्री खोलीत शिरून दार लावलं की आपण आफ्रिकेत आहोत हे आठवून द्यावं लागतं.

टेंटमध्ये ते आठवून द्यावं लागत नाही. बऱ्याच कॅम्पांना कुंपण नसतं. अंधार पडल्यावर जेवणघरापासून तंबूपर्यंत एकट्याने जायचं नाही, अस्कारी म्हणजे पहारेकरी टॉर्च घेऊन पोचवायला येतो. आत शिरल्यावर झिप खालच्या कोपऱ्यापर्यंत पुरती लावायची. पाणघोडे रात्री नदीतून चरायला वर येतात आणि कापडापलीकडे गवत खुडल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. मध्येच तरस ओरडतं. काहींना ही आयुष्यातली सर्वांत सुंदर रात्र वाटते, काही जण सकाळी लाल डोळ्यांनी खोली बदलून मागतात. आपण कुठल्या जातकुळीचे, हे घरूनच ठरवून निघालेलं बरं.

छोट्या कॅम्पात आंघोळीचं पाणी सांगून मागवायचं. माणूस तंबूमागे टांगलेल्या बादलीत गरम पाणी ओततो, आतून साखळी ओढली की शॉवर सुरू. बादली संपली की आंघोळ संपली, तेव्हा केस धुवायचे असतील तर आधी सांगून ठेवा. मारा दीड हजार मीटरहून उंचावर आहे, जून ते ऑगस्ट रात्री चांगलंच गार पडतं. तुम्ही जेवायला गेलात की पांघरुणात गरम पाण्याची पिशवी ठेवून जातात. माहीत नसेल तर पाय लागून किंकाळी फुटते. वीज सौर किंवा जनरेटरची, रात्री काही तास बंद असू शकते. झोपताना श्वासाचं मशीन लागतं किंवा इन्सुलिन थंड ठेवावं लागतं, त्यांनी हे लेखी विचारून घ्यावं. आणि चिवडा-लाडू तंबूत ठेवू नका. माकडांना झिप उघडता येते.

मधला मार्गही आहे. सेकेनानीजवळचा सारोवा मारा गेम कॅम्प नावाला कॅम्प, राहणीला लॉज: सत्तरेक तंबू, विजेचं कुंपण, तलाव, बुफे. मुलांना ‘तंबूत झोपलो’ हे सांगता येतं आणि आजीलाही झोप लागते. अनेक छोटे कॅम्प लहान मुलांना घेत नाहीत, म्हणून तीन पिढ्यांच्या कुटुंबाने असलाच कॅम्प पाहावा.

नदीकाठच्या तंबूंबद्दल एक सावधगिरी. २०२४ च्या एप्रिल-मेमध्ये तालेक नदीला पूर आला, काठावरच्या डझनभराहून अधिक कॅम्पांत पाणी शिरलं आणि पर्यटकांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं. मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा काळ, तेव्हा दर उतरलेले असतात. त्या दिवसांत गेलात तर उंचावरचा लॉज घ्या, काठावरचा तंबू नको.

एकाच प्रकारात सगळे दिवस काढायची सक्ती नाही. तीन रात्री असतील तर मी पहिल्या दोन आतल्या टेंटमध्ये घालवीन आणि शेवटची लॉजमध्ये, धूळ धुऊन निघायला. आई-बाबा बरोबर असतील तर तिन्ही रात्री लॉजमध्ये, आणि टेंटचे वाचलेले पैसे स्वतंत्र लँड क्रूझरमध्ये घालीन. मिनीव्हॅनच्या मागच्या सीटवर बसून खड्डे खाल्लेली कंबर लॉजच्या गादीने सरळ होत नाही.

बुकिंग करताना तंबूची जागाही लिहून घ्या: नदीकडेचा की जेवणघराजवळचा. गुडघे दुखत असतील तर जेवणघराजवळचाच. ऑगस्टमध्ये तिथे पोचल्यावर बदलून मिळत नाही.