क्रेटोस, किर्यू, आर्थर की शेपर्ड: आधी कुणाची गोष्ट धरायची?

सांगलीत भावे नाट्यमंदिरातून बाहेर पडणारा प्रेक्षक नेपथ्यावर दोन वाक्यं बोलतो आणि पात्रांवर चहा संपेपर्यंत. व्हिडिओ गेमबद्दल बोलताना हीच माणसं उलटं करतात. ग्राफिक्स कसे आहेत, कार्ड कुठलं लागेल, लॅग होतो का, एवढ्यावर गप्पा आटोपतात. दहा-वीस वर्षं चाललेली मालिका धरायची असेल तर तेवढं पुरत नाही. ज्या माणसाबरोबर पन्नास-शंभर तास काढायचे, तो माणूस कसा आहे हे आधी बघायला नको का?

मी प्रत्येक मालिकेला एक प्रश्न विचारतो. मागच्या भागात जे घडलं, ते पुढच्या भागात पात्राच्या अंगावर राहतं का? बहुतेक ठिकाणी राहत नाही. नवा भाग आला की नवा शत्रू येतो आणि नायक पुन्हा कोरा करकरीत. ज्या मोजक्या मालिकांत ते राहतं, त्यांतल्या चार इथे घेतल्यात: गॉड ऑफ वॉर, याकुझा (हिचं हल्लीचं नाव लाइक अ ड्रॅगन), रेड डेड रिडेम्प्शन आणि मास इफेक्ट. वेळ आणि पैसे एकीपुरतेच आहेत, असं धरून चालूया. थोडे स्पॉयलर येतील. ते टाळून पात्रांवर बोलणं म्हणजे नुसत्याच उड्या.

गॉड ऑफ वॉरचा नायक क्रेटोस आणि याकुझाचा नायक किर्यू यांना शेजारी उभं करून बघावं. दोघांचा पहिला गेम २००५ सालचा, दोघंही प्लेस्टेशन २ वरचे, दोघंही हाताने बोलणारे आणि तोंडाने कमी. दोघांच्याही पदरी पुढे एक मूल येतं. पण दोन मालिका काळाशी अगदी वेगळ्या वागतात.

२००५, २००७ आणि २०१० च्या मुख्य ग्रीक भागांतला क्रेटोस म्हणजे निव्वळ संताप. युद्धदेवतेने फसवून त्याच्याच हातून बायको आणि मुलगी मारवली, त्यांची राख कायमची कातडीला चिकटली, म्हणून तो असा पांढराफटक. मग एकेक देव मारत तो ऑलिंपस उद्ध्वस्त करतो. खेळायला दणदणीत. पात्र म्हणून मात्र पहिल्या गेममध्ये जे कळतं त्यात पुढे फारशी भर पडत नाही, आणि त्या गेममधल्या बायकांचं चित्रण आज बघवत नाही.

२०१८ मध्ये सांता मोनिका स्टुडिओने हाच माणूस उत्तरेकडच्या बर्फात आणून ठेवला. दाढी पिकलेली, दुसरी बायको नुकतीच गेलेली. तिची राख सगळ्यात उंच शिखरावर न्यायची आणि सोबत अत्रेयस नावाचा मुलगा, ज्याच्याशी काय बोलावं हे बापाला कळत नाही. अख्ख्या गेममध्ये कॅमेरा एकदाही कट होत नाही, त्यामुळे या दोघांच्या अवघडलेल्या शांततेतून आपल्यालाही सुटका नाही. मुलगा आजारी पडतो तेव्हा क्रेटोस घरी परततो आणि जमिनीखाली पुरून ठेवलेली जुनी साखळीची पाती बाहेर काढतो. मनगटावर पट्ट्या का गुंडाळल्यात, हे तेव्हा उमगतं. मागचं अंगावर राहणं म्हणजे काय, हे त्या प्रसंगाइतकं नेमकं मी दुसऱ्या गेममध्ये पाहिलेलं नाही.

तरी एक तक्रार आहेच. तो संतापी माणूस असा सावध कसा झाला, हे आपण पाहिलेलंच नसतं. पडदा उघडतो तेव्हा तो बदललेलाच असतो. ही उधारी बरीचशी फेडली ती रॅग्नारॉक या पुढच्या गेमच्या (२०२२) वल्हाला या जोडभागाने. डिसेंबर २०२३ मध्ये तो फुकट दिला आणि त्यात क्रेटोसला त्याच्या ग्रीक पापांसमोर उभं केलं. रॅग्नारॉकमधलं सगळ्यात भरीव पात्र मात्र मला विचाराल तर फ्रेया. तिचा जीव वाचवायला क्रेटोसने तिच्याच मुलाला मारलेलं असतं. पुढच्या गेमची सुरुवात तिच्या वैराने होते, आणि तिथून ती सोबतीपर्यंत येते ते कुणाच्या एका भाषणामुळे येत नाही.

आता किर्यू. गंमत म्हणजे काझुमा किर्यू स्वतः फारसा बदलत नाही. मित्राचा गुन्हा अंगावर घेऊन दहा वर्षं तुरुंगात काढलेला, शब्दाला जागणारा, थोडा भोळा गुंड. बदलतात ती भोवतालची माणसं आणि कामुरोचो ही वस्ती. टोकियोच्या काबुकिचोवरून बेतलेली ही वस्ती जवळजवळ प्रत्येक गेममध्ये तीच असते. १९८८ पासून पुढे तेच चौक, त्याच गल्ल्या, फक्त दुकानांच्या पाट्या नव्या. तिसऱ्या-चौथ्या गेमपर्यंत तुम्हाला तिथला रस्ता नकाशा न उघडता सापडू लागतो, जसा आपल्याला हरभट रोडवर सापडतो. पहिल्या भागात नऊ वर्षांची असलेली, किर्यूने सांभाळलेली हारुका सहाव्या भागात आई झालेली असते, आणि किर्यूने मधल्या काळात ओकिनावात अनाथाश्रम चालवलेला असतो. २०२४ च्या इन्फिनिट वेल्थमध्ये तो कॅन्सर झालेला, पिकल्या केसांचा माणूस आहे. जुन्या जागांपाशी थांबून आठवणी काढतो, आणि त्या आठवणी तुम्ही खेळलेल्या असतात.

या मालिकेचा खरा डाव मात्र गोरो माजिमा. २००५ मध्ये तो निव्वळ चक्रम वाटला. एका डोळ्यावर पट्टी, हातात बेसबॉलची बॅट, कारण नसताना हाणामारी. दहा वर्षांनी, २०१५ मध्ये, याकुझा ० आला आणि त्याने १९८८ मधला माजिमा दाखवला: ओसाकातल्या कॅबरेचा तोलून-मापून बोलणारा मॅनेजर, जो खरं तर कैदी आहे. त्याला एका आंधळ्या मुलीला मारायचा हुकूम होतो आणि त्याच्याने ते होत नाही. हे खेळून पुढचे भाग बघितले की त्याचं वेड वेगळंच दिसतं. नव्या गेमने जुन्या पात्राला खोली द्यायची, ही युक्ती इतकी चोख दुसऱ्या कुणाला जमलेली नाही.

० चं कथानक फिरतं ते वस्तीच्या मधोमध असलेल्या टीचभर मोकळ्या जागेभोवती. तिचा मालक कोण हे कुणालाच ठाऊक नाही, आणि तिच्यासाठी अख्ख्या टोळ्या एकमेकांच्या जिवावर उठतात. गुंठ्या-गुंठ्यावरून कोर्टात पिढ्या घालवणाऱ्या आपल्या मुलखात हे समजावून सांगायची गरज पडू नये. मधूनच किर्यू बोलिंगच्या खेळात एक कोंबडी जिंकतो आणि तिला आपल्या मालमत्तेच्या धंद्यात मॅनेजर नेमतो. या थिल्लरपणाने गोष्ट बिघडते असं काहींना वाटतं. मला वाटतं, त्यामुळेच गंभीर प्रसंग पेलतात. खरा दोष वेगळा आहे: मालिका किर्यूला जाऊ देत नाही. २०१६ च्या सहाव्या भागात त्याचा रीतसर निरोप झाला होता. २०२० मध्ये इचिबान कासुगा हा नवा नायक आला, आणि लहानपणी खेळलेल्या गेमसारखं जग दिसणाऱ्या या माणसासाठी मारामारीसुद्धा पाळीपाळीने होणारी केली. हे छान जमलं होतं. तरी किर्यू परत आलाच.

उरलेल्या दोघांत प्रश्न असा पडतो की माणूस बदलतो तो कुणाच्या हाताने?

रेड डेड रिडेम्प्शन २ (२०१८) मध्ये अमेरिकेतल्या एका दरोडेखोर टोळीतल्या आर्थर मॉर्गनचा बदल डोळ्यांदेखत होतो. साल १८९९. टोळीच्या सावकारीची वसुली करताना तो एका खंगलेल्या कर्जदाराला मारहाण करतो, तो माणूस त्याच्या तोंडावर खोकतो, आणि पुढे कळतं की आर्थरला टीबी झालाय. डॉक्टर त्याला कोरड्या, उबदार हवेत जायला सांगतो, कारण दुसरं सांगण्यासारखं काही नसतं. टीबीवरचं पहिलं परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडलं १९४३ मध्ये. वानलेसवाडीच्या टीबी दवाखान्याचं नाव ऐकत मोठ्या झालेल्या सांगली-मिरजेच्या माणसाला त्या सल्ल्याचा अर्थ चटकन लागेल. तिथून आर्थरचं वजन उतरतं, चेहरा ओढला जातो, डायरीतल्या नोंदींचा सूर पालटतो. ज्याला मारलं त्याची विधवाही पुन्हा समोर येते. चारही मालिकांत एका गेमपुरतं बोलायचं तर पात्र म्हणून आर्थर सगळ्यात पुढे. मात्र गेम संथ आहे. पहिले काही तास बर्फातून घोडा हाकण्यात जातात आणि ज्यांना धीर नाही ते तिथेच सोडतात.

मास इफेक्टचं (२००७, २०१०, २०१२) उलट आहे. नायक शेपर्ड स्त्री की पुरुष, दयाळू की कठोर, हे तुम्ही ठरवता, त्यामुळे शेपर्ड स्वतः थोडा पोकळच राहतो. खोली आहे ती सोबत्यांत. एका गेमची सेव्ह फाइल पुढच्या गेममध्ये जाते, आणि पहिल्या भागात रेक्स नावाचा योद्धा तुमच्या निर्णयापायी मेला तर पुढे त्याच्या जागी त्याचा भाऊ उभा असतो आणि बोलण्याची सगळी चव बदलते. मॉर्डिन हा शास्त्रज्ञ बघा. एका जमातीला जवळजवळ निर्वंश ठेवणाऱ्या रोगावर त्याने काम केलंय. दुसऱ्या भागात तो त्याचं समर्थन करतो, तिसऱ्यात तेच निस्तरायला निघतो. शेवटावरून २०१२ मध्ये एवढा गदारोळ झाला की कंपनीला त्याच जूनमध्ये वाढीव शेवट फुकट द्यावा लागला. तो शेवट आजही अर्धवटच वाटतो. प्रवासाला मात्र तोड नाही.

विचर आणि असॅसिन्स क्रीड का नाहीत, असं कुणी विचारेलच. विचर ३ थोर आहे, पण त्याचा नायक गेराल्ट कादंबऱ्यांतून घडून आलेला आहे. गेमनी त्याला सांभाळलं, घडवलं म्हणता येणार नाही. असॅसिन्स क्रीडमध्ये एत्झिओचे तीन गेम (२००९ ते २०११) जन्मापासून उतारवयापर्यंत जातात आणि तेवढेच खेळावेत.

आता व्यवहाराचं. पीसीवर लागणारी जागा बघितली तर याकुझा ० साधारण २५ जीबी, २०१८ चा गॉड ऑफ वॉर ७०, मास इफेक्टचे तीनही भाग एकत्र असलेली २०२१ ची आवृत्ती १२०, रेड डेड २ दीडशे आणि रॅग्नारॉक १९०. मोबाइलच्या रोजच्या डेटावर यातलं फक्त पहिलंच मनावर घ्यावं. जुन्या पीसीवर याकुझा ० आणि मास इफेक्ट चालून जातात. गॉड ऑफ वॉरचे ग्रीक भाग पीसीवर आलेलेच नाहीत, पण २०१८ पासून सुरुवात केली तरी अडत नाही. इंग्रजीची सवय कमी असेल तर क्रेटोसची छोटी वाक्यं सोपी जातात. याकुझा ० च्या मूळ आवृत्तीत आवाज जपानी, सबटायटल इंग्रजी आणि कटसीन (मधले सिनेमासारखे प्रसंग) लांबलचक, म्हणजे वाचायची तयारी हवी. त्यात सेव्ह करायला रस्त्यावरचा टेलिफोन बूथ गाठावा लागतो. एप्रिल-मे मध्ये वळवाने कुपवाडकडची लाइट गेली आणि डेस्कटॉपला यूपीएस नसेल, तर अर्धा तास पाण्यात.

वीसेक तासांत पूर्ण होणारं काही हवं असेल तर २०१८ चा गॉड ऑफ वॉर घ्या. वर्षभर पुरेल अशी सोबत हवी असेल तर याकुझा, तेही ० पासून, मग किवामी आणि किवामी २ (पहिल्या दोन भागांच्या नव्याने केलेल्या आवृत्त्या) या क्रमाने. थेट सातव्यात उडी मारली तरी इचिबान समजेल, माजिमा नाही. मी स्वतः यालाच मत देईन. घरात लहान मुलं आजूबाजूला असतील तर मास इफेक्ट त्यातल्या त्यात बरा, बाकी तिघांत रक्त आणि शिव्या भरपूर.

रेड डेड घेतलात तर क्रमाचा घोळ होतो, कारण २०१० चा पहिला गेम १९११ सालात घडतो आणि दुसरा त्याच्या बारा वर्षं मागे जातो. पहिला आता पीसीवरही आहे, ऑक्टोबर २०२४ पासून. तोच आधी खेळा. त्यात आर्थरचं नावसुद्धा कुणी काढत नाही, त्यामुळे दुसऱ्यानंतर पहिला खेळला तर ते खटकत राहतं. आधी खेळला असेल तर दुसऱ्यात टोळीचा म्होरक्या डच आपल्या पोरांना वचनं देत सुटतो तेव्हा ती किती टिकणार आहेत, हे तुम्हाला ठाऊक असतं आणि आर्थरला नसतं.