दोष परभणीच्या उन्हाचा नव्हता

घरांचे नकाशे आणि थ्रीडी एलिव्हेशन, म्हणजे घर बाहेरून कसे दिसेल याचे संगणकावरचे चित्र, करून देणे हा माझा व्यवसाय आहे. आठवड्यातील चार दिवस मी परभणीत माझ्या गाळ्यात बसतो आणि उरलेले दिवस जिंतूरला घरून काम करतो. त्यामुळे एसटीत मांडीवर घेऊन बसता येईल एवढा लहान संगणक जुळवून घ्यावा, असे २०२१ च्या अखेरीस माझ्या मनाने घेतले. लॅपटॉप का नाही, असे पुष्कळांनी विचारले. पण दोन्ही ठिकाणी जुने मोठे मॉनिटर होते, आणि फक्त संगणकाची पेटी इकडून तिकडे न्यायची होती. या पेटीपायी मी जवळजवळ एक वर्ष फसत राहिलो. एकदा फसणे आणि वर्षभर फसत राहणे यांत फरक आहे, आणि हा मजकूर मी त्या दुसऱ्या प्रकारासाठी लिहीत आहे.

त्या काळात ग्राफिक्स कार्डांचा, म्हणजे पडद्यावरचे चित्र तयार करणाऱ्या भागांचा, बाजार बिघडलेला होता. साथीमुळे चिपांचा तुटवडा होता, आणि इथेरियम हे आभासी चलन ‘खणण्यासाठी’ लोक कार्डे घाऊक उचलत होते. नेहमीच्या दुकानांत एक तर कार्ड नव्हते किंवा भाव ऐकून परत फिरावे लागे. अशा वेळी तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, एक दुकानदार सगळी जुळवणी करून देतो आणि त्याच्याकडे जीटीएक्स १०५० टीआय हे ४ जीबी मेमरीचे कार्ड स्वस्तात आहे, असे एका परिचिताकडून कळले. फेब्रुवारी २०२२ मध्ये मी सकाळच्या गाडीने गेलो आणि रात्री पेटी घेऊन परतलो. कार्डाचे त्याने ११,५०० रुपये लावले, जे तेव्हाच्या भावापेक्षा बरेच कमी होते. कार्डाला खोके नव्हते. “सर, हा बल्कचा माल आहे, खोक्याचे पैसे कशाला देता?” असे तो म्हणाला. बिल मागितले तेव्हा १८ टक्के जीएसटी वेगळा पडेल, असे त्याने सांगितले, आणि मी बिल नको म्हटले. त्याने बिल नाकारले नव्हते. मी ते सोडून दिले होते, हे मला इथे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

पेटीत मिनी-आयटीएक्स आकाराचा, म्हणजे १७ सेंटिमीटर चौरसाचा मदरबोर्ड होता. प्रोसेसर आय-५ १०४००एफ घेतला होता. नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेल्या इंटेलच्या प्रोसेसरात अंगभूत ग्राफिक्स नसते, म्हणून कार्ड काढून ठेवून संगणक चालवून पाहण्याची सोयच उरत नाही. हे मला तेव्हा ठाऊक असते तर पुढची निम्मी यातायात वाचली असती. कार्ड आखूड होते, त्याला एकच पंखा होता, आणि एसएमपीएसमध्ये, म्हणजे पेटीला वीज पुरवणाऱ्या डब्यात, कार्डासाठीची वेगळी वायर नसल्यामुळे दुकानदाराने कन्व्हर्टर लावून कार्डाला वीज दिली. कार्डाच्या मागे मॉनिटर जोडण्यासाठी एचडीएमआय आणि डीव्हीआयच्या जोडीला जुन्या पद्धतीचा, निळ्या रंगाचा व्हीजीए पोर्टही होता. माझे दोन्ही मॉनिटर व्हीजीएचे असल्याने तो पाहून मला आनंदच झाला. निघताना त्याने ड्रायव्हरचा, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, पेनड्राइव्ह दिला आणि बजावले, “हाच टाकायचा, सर. नेटवरून अपडेट करू नका, नाही तर वॉरंटी जाईल.”

मार्चपर्यंत काही बिघडले नाही, कारण तोवर साधे नकाशेच चालू होते. एप्रिलमध्ये एका दुमजली घराचे एलिव्हेशन हाती घेतले आणि संगणक गोठू लागला. पडद्यावर रंगीत पट्टे येत, मग काळोख होई आणि बटण दाबून पुन्हा सुरू करावे लागे. कार्डाचे तापमान पाहिले तर ते ९५ अंशांच्या पुढे गेलेले दिसले. मी फोन केला. दुकानदाराने शांतपणे ऐकून घेतले आणि एकच वाक्य सांगितले: “सर, तुमच्या परभणीचं ऊनच तसं आहे, त्याला मशीन तरी काय करणार?”

या वाक्यावर आमच्या भागात कोण शंका घेईल? एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर असतो, दुपारी वीज जाते, गाळ्यावर पत्रा आहे, आणि माणूसच जिथे कोमेजतो तिथे संगणक कोमेजला तर नवल कसले? शिवाय त्याच्या बोलण्यात अर्धे सत्य होते. हवेने थंड होणारा कुठलाही कूलर संगणकाला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. खोली २५ ऐवजी ४० अंशांवर असेल, तर आतल्या प्रत्येक भागाचे तापमान साधारण तेवढ्याच फरकाने चढते. लहान पेटीत हवेला जागा कमी असते, हेही खरे. मला या गोष्टी वाचून माहीत होत्या, आणि त्या माहितीनेच मला गाफील ठेवले. काहीच माहीत नसते, तर मी कदाचित सरळ पेटी परत नेली असती.

मग कूलिंगचा खर्च सुरू झाला. पहिल्यांदा प्रोसेसरवरचा कंपनीचा कूलर काढून २,८०० रुपयांचा बसका कूलर बसवला. त्याने प्रोसेसर दहा अंशांनी थंड झाला, पण गोठणे थांबले नाही, कारण प्रोसेसरची तक्रार मुळात नव्हतीच. नंतर दोन पंखे घेतले, ९०० रुपयांचे. दुकानदाराने ते दोन्ही हवा बाहेर फेकणारे बसवले. पंख्याच्या ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या आडव्या पट्ट्या असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते, एवढे पाहिले तरी दिशा कळते. मी ते पाहिले नाही. दोन्ही पंखे हवा ओढून बाहेर टाकू लागले की पेटी प्रत्येक फटीतून हवा आत खेचते, आणि आमच्याकडे हवेबरोबर काळ्या मातीची धूळही येते. महिन्याभरात हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या, पात्यांवर तिचा थर बसला. शेवटी कार्डासमोरचा बंद पत्रा कापून तिथे जाळी बसवली, त्याचे कारागिराला ६०० रुपये दिले. हा एकच खर्च मी आजही योग्य मानतो, कारण पंख्यासमोर अगदी जवळ बंद पत्रा असेल तर कार्ड स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढते. कार्डाचे तापमान सहा-सात अंशांनी उतरले. संगणक मात्र त्याच एलिव्हेशनवर, त्याच टप्प्यावर गोठत राहिला.

पावसाळ्यात काम कमी असते, म्हणून विषय मागे पडला. मध्ये एकदा विंडोजने आपणहून नवा ड्रायव्हर चढवला आणि पडद्यावरची अक्षरे ओबडधोबड झाली. मी पेनड्राइव्हवरचा जुना ड्रायव्हर पुन्हा टाकला आणि दुकानदाराचा इशारा न ऐकल्याबद्दल स्वतःलाच दोष दिला.

डिसेंबरमधील एका पहाटे मी जिंतूरला काम करीत होतो. परभणी जिल्ह्याचा हिवाळा बाहेरच्यांना ठाऊक नसतो. पारा दहाच्या खाली जाणे इथे नवलाचे नाही. अंगावर शाल होती, खिडकी उघडी होती, कार्डाचे तापमान ६० अंशही नव्हते, आणि एलिव्हेशनची फाइल उघडताच पडद्यावर तेच रंगीत पट्टे आले. थंडीत गोठणारा संगणक उन्हाने गोठतो, हे मानायला माझी बुद्धी तयार होईना. बहिणीचा मुलगा सुट्टीला आला होता, तो पॉलिटेक्निकला शिकतो. त्याने पेटी उघडून पहिलाच प्रश्न केला, “मामा, ह्या कार्डाला वायर कशाला लावलीय?”

त्याच्या प्रश्नाचा अर्थ असा होता. मदरबोर्डवरील स्लॉट कार्डाला ७५ वॅटपर्यंत वीज देऊ शकतो, आणि १०५० टीआय ७५ वॅटचेच कार्ड असल्यामुळे त्याला बहुधा वेगळी वायर लागत नाही. काही कंपन्यांनी वेग वाढवून विकलेल्या नमुन्यांना ती असते, म्हणून केवळ वायरीवरून निकाल देता येत नाही. पण मग त्याने मागचा निळा पोर्ट दाखवला. १०५० टीआय ज्या पिढीतले आहे, त्या पिढीपासून ते बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीने चिपमधून व्हीजीएला लागणारा अ‍ॅनालॉग सिग्नलच काढून टाकला आहे. मला ज्या पोर्टचा आनंद झाला होता, तो तिथे असायलाच नको होता.

जीपीयू-झेड हे फुकट मिळणारे छोटे सॉफ्टवेअर त्याने चालवले. २०१८ च्या २.१२ या आवृत्तीपासून ते एनव्हिडियाच्या जुन्या चिपांवर बनवलेली नकली कार्डे ओळखते. कार्डाच्या नावाआधी चौकटी कंसात ‘फेक’ हा शब्द आणि कंपनीच्या चिन्हाच्या जागी उद्गारचिन्हाचा त्रिकोण दिसला. चिपचे नाव जीएफ११६, म्हणजे २०११ साली आलेल्या जीटीएक्स ५५० टीआयची चिप. खऱ्या १०५० टीआयमध्ये ७६८ कोअर, म्हणजे आकडेमोड करणारे घटक, असतात, माझ्याकडच्या चिपमध्ये १९२. मेमरी ४ ऐवजी १ जीबी. कार्डावरील बायोस, म्हणजे कार्डाची ओळख सांगणारे अंगभूत सॉफ्टवेअर, बदलून त्याला खोटे नाव आणि खोटी मेमरी सांगायला लावले होते. फाइलने १ जीबीची मर्यादा ओलांडली की संगणक नसलेल्या मेमरीत हात घाली आणि गोठे. साधे नकाशे चालत आणि एलिव्हेशन अडे ते यामुळे. आणि ५५० टीआय ११६ वॅटचे कार्ड, म्हणून उष्णताही खरीच होती. या चिपांसाठी एनव्हिडियाने २०१८ मध्येच नेहमीचे नवे ड्रायव्हर देणे थांबवले, आणि ‘अपडेट करू नका’ या काळजीच्या सल्ल्यामागचे इंगित एवढेच होते.

म्हणजे मला आधी खोटे कार्ड विकले गेले, आणि मग त्या कार्डाची उष्णता काढण्यासाठी ४,३०० रुपयांचे उपाय करवले गेले. लहान पेटी जुळवताना कूलर आधी निवडावा की कार्ड, यावर लोक वाद घालतात. माझे मत आता पक्के झाले आहे: कार्ड किती वॅटचे आहे आणि ते खरोखर तेच आहे का, याची खात्री होईपर्यंत कूलिंगवर एक रुपयाही घालू नये. ही खात्री दुकानातच, पैसे देण्यापूर्वी, जीपीयू-झेड चालवून होते; त्याला पाच मिनिटे लागतात, आणि ज्याला ही पाच मिनिटे देण्याचे जिवावर येते त्याच्याकडून माल घेऊ नये.

मी दुकानात गेलो तेव्हा दुकानदाराने माल मागूनच तसा आला, असे सांगून हात झटकले. बिल नव्हते, आणि यूपीआयची नोंद दुकानाच्या नव्हे तर एका व्यक्तीच्या नावाने होती. मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर त्याने कार्डाचा फोटो, ‘१०५० टीआय ४ जीबी’ हे शब्द आणि रक्कम पाठवली होती, ती मी पुसली नव्हती. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि एका परिचित वकिलांना भेटलो. माझा समज होता की धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूची तक्रार ग्राहक आयोगात चालत नाही. पण स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेल्या वस्तूला कायद्याने सवलत दिलेली आहे. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रारदार स्वतः राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करू शकतो, म्हणून मला संभाजीनगरच्या फेऱ्या घालण्याची गरज नव्हती. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. नकली नाव दाखवणाऱ्या पडद्याचे, पोर्टचे आणि चिपचे फोटो जोडून वकिलांनी रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. पंधरा दिवसांत दुकानदाराचा स्वतःहून फोन आला. त्या फोनवर उन्हाचा विषय निघाला नाही.

आयोगापर्यंत जावे लागले नाही. दोन हप्त्यांत ८,००० रुपये परत आले, आणि उरलेल्या रकमेवर मी वेळेचा हिशेब करून पाणी सोडले. वकिलांना हे पटले नाही, आणि त्यांचे बरोबर असावे. नकली कार्ड मी परत दिले नाही, कारण ते दुसऱ्या कुणाच्या पेटीत गेले असते.

जानेवारी २०२३ मध्ये जीटीएक्स १६५० घेतले, तेही ७५ वॅटचेच, वायरीशिवायचे. या वेळी सीलबंद खोके, जीएसटीचे बिल, आणि खोक्यावरचा व कार्डावरचा अनुक्रमांक जुळवून दुकानातच चाचणी. एक पंखा उलटा करून आत हवा घेणारा केला आणि त्याला जाळी लावली. मे महिन्यात गाळ्यात ३९ अंश असताना तेच दुमजली एलिव्हेशन तासभर चालवले. कार्ड ७६ अंशांवर थांबले आणि काम न गोठता पूर्ण झाले. जुन्या मॉनिटरांसाठी मात्र ४०० रुपयांचे कन्व्हर्टर वेगळे घ्यावे लागले, कारण या कार्डाला व्हीजीए पोर्ट नाही.