जुन्या लॅपटॉपवर ‘फुल स्पीड’ गेमिंग : साडेसहा हजारांचा अनुभव

जुन्या लॅपटॉपवर सोनीच्या प्लेस्टेशन २ या जुन्या गेम कन्सोलचे गेम अडखळत चालतात, ही तक्रार घेऊन दुकानात जाणाऱ्या मुलांना हल्ली ‘गेमिंग ट्यूनिंग’ नावाचे पॅकेज विकले जाते. जळगावातील अशाच एका दुकानाने माझ्या भाच्याकडून ६,५०० रुपये घेतले आणि लॅपटॉप आधीपेक्षा मंद करून परत दिला. पडद्याच्या कोपऱ्यात वेगाचा आकडा मात्र १०० टक्के दिसत होता. तो आकडा कसा आणला गेला, हे उघड झाल्यावर दुकानाचे नाव घेण्यापेक्षा त्यांची पद्धत तपशिलाने लिहिणे अधिक उपयोगाचे वाटले, कारण हीच युक्ती दुसऱ्या दुकानातही सहज करता येण्याजोगी आहे.

भाचा जळगावात डिप्लोमाला आहे. त्याच्याकडे थोरल्या भावाने वापरून दिलेला लॅपटॉप आहे, त्यात इंटेलचा आय-थ्री ५००५यू हा दोन कोअरचा प्रोसेसर आणि चार-चार जीबीच्या दोन रॅम आहेत. घरात लेन्स बिघडलेला एक प्लेस्टेशन २ आणि त्याच्या मूळ डिस्क पडून होत्या, म्हणून त्याने पीसीएसएक्स२ हा एम्युलेटर, म्हणजे प्लेस्टेशन २ ची नक्कल करून त्याचे गेम संगणकावर चालवणारे सॉफ्टवेअर, बसवला. साधे गेम चालले, पण गाड्यांच्या शर्यतीचा त्याचा आवडता गेम साठ-सत्तर टक्क्यांवर रेंगाळत असे आणि आवाजही ओढल्यासारखा येत असे. दुकानदाराने लॅपटॉप पाहून त्याला सांगितले, की प्लेस्टेशन २ चा प्रोसेसर जेमतेम ३०० मेगाहर्ट्झचा होता, तुझा दोन हजार मेगाहर्ट्झचा आहे, म्हणजे दोष मशीनचा नाही, सेटिंगचा आहे. हे वाक्य ऐकायला बिनतोड वाटते आणि फसवणुकीची सुरुवात नेमकी तिथेच होते.

प्लेस्टेशन २ मधील इमोशन इंजिन हा मुख्य प्रोसेसर सुमारे २९४ मेगाहर्ट्झवर चालत असे, हे खरे आहे. पण त्याच्या जोडीला गणिती आकडेमोड करणारी दोन व्हेक्टर युनिट, चित्र काढणारा ग्राफिक्स सिंथेसायझर आणि इनपुट-आउटपुट सांभाळणारा वेगळा प्रोसेसर हे सगळे एकाच वेळी काम करत. एम्युलेटरला त्या प्रत्येकाची भाषा लॅपटॉपच्या प्रोसेसरच्या भाषेत चालता-चालता बदलावी लागते, आणि शिवाय सगळ्यांचा ताल एकमेकांशी जुळवून ठेवावा लागतो. या कामाचा मोठा भाग एका-दोन कोअरवरच पडत असल्यामुळे त्या एका कोअरचा दम महत्त्वाचा ठरतो. ५००५यू मध्ये टर्बो बूस्टची, म्हणजे गरजेपुरता वेग आपोआप वाढण्याची, सोय नाही, तो २.० गिगाहर्ट्झच्या वर जात नाही. मेगाहर्ट्झचा मेगाहर्ट्झशी सरळ भागाकार करून सांगणारा माणूस एकतर अजाण असतो किंवा समोरच्याला अजाण समजत असतो.

पावतीवर चार बाबी होत्या : ‘गेमिंग रॅम’ २,८०० रुपये, ‘प्रोसेसर ओव्हरक्लॉकिंग’ (म्हणजे प्रोसेसरचा वेग ठरलेल्यापेक्षा वाढवणे) १,२०० रुपये, ‘एम्युलेटर प्रो लायसन्स’ १,५०० रुपये आणि ‘सेटिंग चार्जेस’ १,००० रुपये. लॅपटॉप ताब्यात देताना दुकानदाराने एसीच्या खोलीत, चार्जर लावून, गेमचा सुरुवातीचा मेनू आणि शर्यतीची पहिली काही सेकंदे दाखवली. कोपऱ्यात १०० टक्के असे लिहून येत होते. मुलगा चोपड्याकडचा आहे हे कळल्यावर ‘आपलाच मानूस शे’ म्हणून दोनशे रुपये कमी करण्याची तयारीही दाखवली गेली होती, पावतीत मात्र ते कमी झालेले नाहीत.

सुट्टीत तो अमळनेरला आमच्याकडे आला, तेव्हा गेम सुरू करून तो म्हणाला, “मामा, बघा ना, शंभर टक्के दाखवतोय, तरी गाडी झटके घेतेय.” मी शाळेची संगणक प्रयोगशाळा सांभाळतो, त्यामुळे खोलून पाहण्याची सवय आहे. माझ्या कानाला पहिल्यांदा खटकले ते संगीत. लॅपटॉपला भार झेपत नसेल तर एम्युलेटरमध्ये चित्र आणि आवाज दोन्ही सोबतच मंदावतात. इथे संगीत अगदी बरोबर वेगाने वाजत होते आणि गाड्या तेवढ्या रखडत होत्या. मग शर्यतीतील लॅपच्या (फेरीच्या) घड्याळाशेजारी मोबाइलचे स्टॉपवॉच धरले. गेमच्या घड्याळात एक मिनिट पूर्ण होईपर्यंत स्टॉपवॉच सव्वा मिनिटाच्या पुढे गेले होते, आणि कोपऱ्यातला आकडा मात्र शंभरावरून हलला नव्हता.

याचे कारण एम्युलेटरमधील स्पीडहॅकच्या, म्हणजे वेग वाढवण्यासाठीच्या आडवाटेच्या सेटिंगच्या, पानावर सापडले. पीसीएसएक्स२ मध्ये ‘ईई सायकल स्किप’ नावाची एक सेटिंग असते, त्यातले ईई म्हणजे इमोशन इंजिन. ती वाढवली की एम्युलेटर इमोशन इंजिनला काही सायकल काम न करू देताच पुढे सरकतो. लॅपटॉपवरचा भार कमी होतो आणि एम्युलेटरचे स्वतःचे चक्र सेकंदाला साठ वेळा बिनबोभाट फिरत राहते, म्हणून तो १०० टक्के दाखवतो. पण त्या चक्रांत गेमला नवे चित्र तयार करायला वेळच मिळालेला नसतो, आणि जुनेच चित्र पुन्हा दाखवले जाते. हजेरीपटावर सगळे हजर आणि वर्ग निम्मा रिकामा, असा तो प्रकार होता. काही मोजक्या गेमना या सेटिंगचा खरोखर फायदा होतो, म्हणून ती एम्युलेटरमध्ये ठेवलेली आहे. बाकी ठिकाणी तिच्यामुळे फक्त आकडा सुधारतो. दुकानदाराने तर सेटिंगची तयार पट्टी थेट सहाव्या, म्हणजे शेवटच्या, टोकाला सरकवलेली होती, जिला एम्युलेटर बनवणाऱ्यांनीच ‘मोस्टली हार्मफुल’ असे नाव दिलेले आहे. त्याच वेळी चित्र चकचकीत दिसावे म्हणून अंतर्गत रिझोल्यूशन, म्हणजे एम्युलेटर ज्या आकारात चित्र काढतो तो आकार, तिप्पट केले होते. लांबी-रुंदी दोन्ही तिप्पट म्हणजे पिक्सेल नऊपट, आणि ते रंगवण्याचे काम लॅपटॉपच्या अंगच्या दुबळ्या ग्राफिक्सकडे. दुकानातील झगमगाटात मुलाला चित्र सुबक दिसले यात नवल नाही.

‘प्रो लायसन्स’बद्दल फार लिहिण्यासारखे नाही. पीसीएसएक्स२ हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे, ते त्याच्या मूळ संकेतस्थळावर सर्वांना फुकट मिळते आणि त्याची कोणतीही सशुल्क ‘प्रो’ आवृत्ती नाही. दुकानाने दिलेली ‘की’ एका वेगळ्या छोट्या खिडकीत टाकायची होती, आणि तिच्यामागे उघडणारा एम्युलेटर २०२० सालची १.६ ही जुनी आवृत्ती होता. भाच्याने स्वतः बसवलेली नवी आवृत्ती काढून ही ठेवली होती. ती छोटी खिडकी चालावी म्हणून विंडोजच्या अँटिव्हायरसमध्ये त्या फोल्डरला तपासणीतून वगळण्याची नोंद केलेली होती, ही गोष्ट मला पैशांपेक्षा जास्त गंभीर वाटते. शेवटी सगळा डेटा बाजूला काढून विंडोज नव्याने टाकले आणि भाच्याला त्याचे पासवर्ड बदलायला लावले.

ओव्हरक्लॉकिंगचा पुरावा म्हणून दुकानदाराने ‘माय कॉम्प्युटर’च्या प्रॉपर्टीजमध्ये आय-सेव्हन आणि ३.४ गिगाहर्ट्झ असे नाव दाखवले होते. ते नाव विंडोज रजिस्ट्रीतील एका नोंदीतून येते, आणि ती नोंद कोणालाही बदलता येते. लॅपटॉप पुन्हा सुरू झाला की ती आपोआप मूळ पदावर येते, म्हणून सुरुवातीलाच चालणारी एक स्क्रिप्ट टास्क शेड्युलरमध्ये (ठरलेल्या वेळी कामे आपोआप चालवणारी विंडोजची सोय) लपवून ठेवली होती. सीपीयू-झेड हे फुकट मिळणारे साधन थेट प्रोसेसरलाच विचारते. त्यात ५००५यू हेच नाव आले आणि विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बायोसच्या पानावरही तेच दिसले. या जातीचे प्रोसेसर मदरबोर्डवर सोल्डर केलेले असतात, ते काढून दुसरा बसवता येत नाही आणि त्याचा वेग वाढवण्याची मुभाही इंटेलने ठेवलेली नाही. त्यामुळे अशा लॅपटॉपच्या बाबतीत ‘प्रोसेसर वाढवून देतो’ हे वाक्य ऐकताच तिथून उठावे.

रॅमच्या बाबतीत जे केले, त्याने मात्र खरोखरीचे नुकसान झाले. चार-चार जीबीच्या दोन पट्ट्या काढून आठ जीबीची एकच पट्टी बसवली होती. एकूण आकडा ८ जीबीच राहिल्यामुळे मुलाला शंका आली नाही, आणि जुन्या पट्ट्या परत मागायच्या असतात हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. दोन पट्ट्या असताना प्रोसेसरला रॅमकडे दोन वाटा असतात. डीडीआर-थ्री १६०० या प्रकारच्या रॅमच्या एका वाटेने सेकंदाला जास्तीत जास्त १२.८ गिगाबाइट जातात, दोन्ही मिळून २५.६. ज्या लॅपटॉपला वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही, त्याचे ग्राफिक्सही हीच रॅम वापरते, म्हणजे २,८०० रुपये देऊन आम्ही एक वाट बंद करून घेतली. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली मेमरी उघडली, की ‘स्लॉट्स युज्ड’ समोर किती पट्ट्या लागल्या आहेत ते दिसते. तिथे दोनपैकी एक असे आले. लॅपटॉप दुकानात देण्यापूर्वी या पानाचा आणि सीपीयू-झेडच्या पानाचा फोटो काढून ठेवावा, आणि लॅपटॉप जमा केल्याच्या पावतीवर रॅमच्या पट्ट्यांची संख्या लिहून घ्यावी.

खरा उपाय काय होता, हेही सांगणे भाग आहे. एम्युलेटरची नवी आवृत्ती टाकून सगळे हॅक मूळ स्थितीत आणले, रिझोल्यूशन एकपट केले, चार्जर लावून विंडोजचा पॉवर मोड सर्वाधिक कार्यक्षमतेवर ठेवला. पंखा उघडला तर जाळीवर धुळीचा जाड थर होता आणि प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी त्याच्यावरची पेस्ट वाळून खडखडीत झाली होती. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर गेला, की असा लॅपटॉप काही मिनिटांत तापतो आणि प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो. एसीतल्या दोन मिनिटांच्या प्रात्यक्षिकात हे कधीच दिसत नाही. आमच्या जुन्या धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरात दुपारी तोच गेम पत्र्याच्या खोलीपेक्षा चांगला चालतो, हे भाच्यानेच शोधून काढले. साफसफाई आणि पेस्ट यांना मिळून काहीशे रुपये लागले. एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी लागणारी वेगवान साठवण) टाकली तर गेम लवकर उघडेल, पण शर्यत वेगाने पळणार नाही, त्यामुळे ‘एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रे) वाढवण्यासाठी एसएसडी’ विकणाऱ्यापासूनही सावध असावे.

एवढे करूनही तो शर्यतीचा गेम ऐंशी टक्क्यांच्या आसपासच थांबला आणि या प्रोसेसरवर तो तिथेच थांबणार. हलके गेम पूर्ण वेगाने चालतात. पीएसपी या सोनीच्या हातात धरायच्या कन्सोलचे गेम तर पीपीएसएसपीपी या एम्युलेटरवर अडचणीशिवाय चालतात, कारण त्या यंत्राचा पडदाच ४८० बाय २७२ पिक्सेलचा होता. पीपीएसएसपीपीची ‘गोल्ड’ आवृत्ती विकत मिळते, पण तिच्यात फुकटच्या आवृत्तीपेक्षा जास्त वेग नाही. ते पैसे बनवणाऱ्याला आधार म्हणून असतात, एवढे माहीत असावे.

दुकानात आम्ही दोघे मिळून गेलो, तेव्हा आधी ‘लॅपटॉप गरम होतो म्हणून तसे होते’ असे उत्तर मिळाले. स्टॉपवॉच आणि लॅपचे घड्याळ शेजारी-शेजारी दिसणारा व्हिडिओ दाखवल्यावर आवाज खाली आला. रॅमच्या जुन्या दोन पट्ट्या आणि २,८०० रुपये परत मिळाले. उरलेल्या ३,७०० रुपयांबद्दल ‘सर्व्हिस चार्ज परत होत नसतो’ असे सांगण्यात आले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. तिथे तडजोड झाली नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्यासाठी २०१९ च्या कायद्यानुसार दोन वर्षांची मुदत आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क पडत नाही. पावती, यूपीआयच्या व्यवहाराची नोंद, शेड्युलरमधील स्क्रिप्टचा फोटो आणि तो व्हिडिओ असे चार कागद-पुरावे आम्ही वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवले आहेत, कारण विंडोज नव्याने टाकल्यावर लॅपटॉपमध्ये त्या कारागिरीची एकही खूण उरलेली नाही.