साताऱ्यातून पाहिलेली महिला आइस हॉकी: एका विनामूल्य प्रक्षेपणाचे परीक्षण

सातारा जिल्ह्यात मुलींची हॉकी म्हटली की फलटण तालुक्याचे नाव निघते. आसूची वैष्णवी फाळके आणि वाखरीची अक्षता ढेकळे भारतीय संघापर्यंत पोहोचल्यापासून ज्या घरांत पूर्वी क्रिकेटखेरीज दुसरे काही चालत नसे, तिथेही हॉकीचे सामने आवर्जून पाहिले जातात. मात्र ही मैदानावरची हॉकी. बर्फावरची हॉकी आपल्याकडे बहुतेकांनी पाहिलेली नसते, आणि महिलांची तर नाहीच नाही. ती पाहण्याची एक चांगली आणि फुकट सोय उपलब्ध आहे. प्रोफेशनल विमेन्स हॉकी लीग, अर्थात पीडब्ल्यूएचएल, ही अमेरिका आणि कॅनडातील स्पर्धा आपले सामने यूट्यूबवरील स्वतःच्या वाहिनीवरून दाखवते आणि भारतातील प्रेक्षकाला त्यासाठी वर्गणी भरावी लागत नाही. हे परीक्षण त्या प्रक्षेपणाचे आहे. चित्र, आवाज आणि उपलब्धता या बाबतींत त्याला मी जवळजवळ पूर्ण गुण देईन. पण ही लीग ज्या हौशी लीगांच्या खांद्यावर उभी आहे, त्यांची ओळख असल्याशिवाय या सामन्यांचे अर्धे मोल कळत नाही, आणि ती ओळख सामना सुरू असताना फारशी होत नाही.

आधी व्यवहाराचे बोलू. तिकडे संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना हिवाळ्यात आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला लागतो. मार्चमध्ये त्यांची घड्याळे एक तास पुढे गेली की तोच सामना साडेचारला येतो. ज्या गावात निम्मी मंडळी त्या सुमारास अजिंक्यताऱ्याच्या चढाला लागलेली असतात, तिथे साडेपाच ही काही अवेळ म्हणता येणार नाही. साडेचारचे मात्र मी कोणाला सुचवणार नाही. शनिवार-रविवारी त्यांच्याकडे दुपारी बाराला सामना असेल, तर तो हिवाळ्यात आपल्याकडे रात्री साडेदहाला दिसतो आणि घरातल्या सर्वांना एकत्र बसून पाहण्यासाठी तीच वेळ उत्तम. झालेले सामने वाहिनीवर नंतरही सापडतात, त्यामुळे निकाल आधी कळू न देण्याचे पथ्य पाळले तर रविवारी दुपारी जेवणानंतर पाहिलेला सामनाही तेवढाच रंगतो.

मोबाइलच्या पडद्यावर मात्र हा खेळ पाहू नये. पक म्हणजे कडक रबराची काळी चकती. तिचा व्यास सुमारे साडेसात सेंटिमीटर, जाडी अडीच सेंटिमीटर आणि वजन साधारण १५६ ते १७० ग्रॅम. आपल्या हॉकीचा चेंडूही १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो, म्हणजे वजनात दोघांत फारसा फरक नाही. पण चेंडू पांढरा, फुगीर आणि नजरेत भरणारा, तर पक चपटा आणि बर्फाला चिकटून धावणारा. इंटरनेटचा वेग घसरून चित्र धूसर झाले की पक दिसेनासा होतो आणि खेळाडूंच्या माना कुठे वळतात त्यावरून अंदाज बांधत बसावे लागते. दूरचित्रवाणी संचाला जोडून पाहिल्यास ही अडचण उरत नाही. मुख्य कॅमेरा उंचावरून, रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या, मध्यरेषेच्या बाजूने खेळ दाखवतो, त्यामुळे दोनशे फूट लांब आणि पंच्याऐंशी फूट रुंद बर्फावरची संघाची मांडणी नीट उलगडते, आणि गोलनंतरच्या पुनर्दर्शनात गोलमागच्या कॅमेऱ्यातून गोलरक्षकाचा गुडघा नेमका कुठे कमी पडला तेही कळते.

पहिल्यांदा पाहणाऱ्याने एका गोष्टीकडे मुद्दाम लक्ष द्यावे. गोलरक्षक धरून सहा जणी बर्फावर असतात, पण गोलरक्षक सोडून बाकीच्या पाच जणी पाऊण-एक मिनिटात दमून बाकाकडे येतात आणि खेळ न थांबता त्यांच्या जागी दुसऱ्या उतरतात. येणारीने कठड्यावरून पाय टाकण्याआधीच जाणारीने पक पुढे ढकललेला असतो, आणि या अदलाबदलीत दोन सेकंदांची चूक झाली तरी समोरची आघाडीपटू मोकळी सुटते. मैदानी हॉकीतही खेळाडू सतत बदलतात, पण इथली घाई वेगळी आहे. या लीगने स्वतःचा एक नियमही आणला आहे: शिक्षेमुळे एक खेळाडू कमी असलेल्या संघाने त्या अवस्थेत गोल केला, तर शिक्षा तिथेच संपते आणि बाहेर बसलेली खेळाडू परत येते. त्यामुळे कमी संख्येचा संघ केवळ बचाव करत बसत नाही. नियम म्हणून मला तो फार आवडला.

समालोचन इंग्रजीत असते, स्पष्ट असते आणि उगाच आरडाओरडा करत नाही. मात्र ते जाणत्या प्रेक्षकासाठी आहे, हे पहिल्या दहा मिनिटांतच जाणवते. आयसिंग म्हणजे काय (आपल्या अर्ध्यातून मारलेला पक कोणाला न लागता थेट समोरच्या गोलरेषेपलीकडे जाणे), निळी रेषा कशासाठी (पकच्या आधी ती ओलांडून समोरच्या टोकात शिरता येत नाही), हे कोणी सांगत नाही, आणि सांगावे अशी अपेक्षाही धरता येत नाही. एखाद्या खेळाडूच्या संदर्भात एखादी जुनी लीग किंवा जुना चषक एका वाक्यात येऊन जातो, आणि ज्याला मागचे माहीत नाही त्याला त्या वाक्यामागची वीस वर्षे ऐकू येत नाहीत. म्हणून तो मागचा भाग इथे थोडा विस्ताराने मांडतो.

कॅनडात स्त्रिया एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बर्फावर हॉकी खेळत आहेत. ज्यांच्या नावाचा स्टॅन्ली चषक पुरुषांच्या हॉकीत आजही सर्वांत मानाचा आहे, त्या गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ली यांची मुलगी इसोबेल ही ओटावातील सरकारी निवासस्थानाच्या रिंकवर खेळत असे. पहिल्या महायुद्धात पुरुष खेळाडू आघाडीवर गेले, तेव्हा माँट्रियलमध्ये स्त्रियांच्या सामन्यांना तिकीट काढून गर्दी होऊ लागली. 1922 मध्ये ऑन्टारियो प्रांतात स्त्रियांची स्वतंत्र संघटना उभी राहिली. 1928 च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये रिले शर्यतीचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या बॉबी रोझेनफेल्ड यांच्यासारख्या खेळाडूही तेव्हा हॉकी खेळत आणि तिच्यासाठी झटत.

या हौशी काळातला सर्वांत गाजलेला संघ म्हणजे प्रेस्टन रिव्ह्युलेट्स. ऑन्टारियोतील एका लहानशा गिरणीगावातल्या, उन्हाळ्यात सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलींनी हिवाळ्यात काय करावे या प्रश्नातून 1930-31 च्या सुमारास हा संघ काढला. हिल्डा रॅन्सकोम ही त्यांची नावाजलेली आघाडीपटू. पुढची दहा वर्षे प्रांताचे अजिंक्यपद त्यांच्याकडेच राहिले. साडेतीनशे सामन्यांत फक्त दोन पराभव, असा त्यांचा आकडा हौसेने सांगितला जातो. अभ्यासकांनी तो फुगवलेला असल्याचे दाखवले आहे, पण त्यामुळे संघाची थोरवी कमी होत नाही. त्या काळी खरी अडचण समोरच्या संघाची नसे, पैशाची असे. मंदीच्या दिवसांत राष्ट्रीय सामन्यासाठी देशाच्या दुसऱ्या टोकाला जायचे तर रेल्वेभाडे कोण देणार, हा पहिला प्रश्न असे. दुसरे महायुद्ध आले आणि संघ संपला. युद्धानंतर पुरुष परतले, रिंकच्या वेळा त्यांना मिळाल्या, आणि स्त्रियांचे हॉकी जवळजवळ दोन पिढ्या अंधारात गेले.

तो अंधार किती गडद होता, हे 1950 च्या दशकातील एका प्रसंगावरून कळते. टोरंटोतील ॲबी हॉफमन ही लहान मुलगी केस आखूड ठेवून, 'ॲब' या नावाने मुलांच्या लीगमध्ये खेळत होती आणि चांगली खेळत होती. निवडक खेळाडूंच्या संघासाठी जन्मदाखले तपासले गेले तेव्हा ती मुलगी असल्याचे उघड झाले. पुढे ती ऑलिंपिकमध्ये धावली, ते आठशे मीटर. 1975 मध्ये ऑन्टारियोत स्त्रियांच्या हॉकीची नवी संघटना स्थापन झाली आणि तिथून गाडी पुन्हा रुळावर आली. 1990 मध्ये ओटावात पहिली अधिकृत महिला जागतिक स्पर्धा झाली. यजमान कॅनडाच्या संघाला प्रसिद्धीसाठी गुलाबी गणवेश घालून उतरवले गेले. त्या गणवेशात त्यांनी अंतिम सामन्यात अमेरिकेला 5-2 असे हरवले. 1998 मध्ये नागानोच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथम आला, तेव्हा अमेरिकेने कॅनडाला 3-1 असे हरवून सुवर्ण नेले.

ऑलिंपिक पदक गळ्यात पडले म्हणून पोटाची सोय होत नाही, हे सातारा जिल्ह्याला कोणी सांगायला नको. गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकला गेले ते लोकवर्गणीवर आणि प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण टाकून उभ्या केलेल्या पैशांवर. कॅनडाच्या ऑलिंपिकपटूंचीही गत फार वेगळी नव्हती. 2007 मध्ये खेळाडूंनीच पुढाकार घेऊन कॅनेडियन विमेन्स हॉकी लीग काढली. गोलरक्षक सॅमी जो स्मॉल ही संस्थापकांपैकी एक. जगातल्या उत्तम खेळाडू तिथे खेळत आणि त्यांना पगार नव्हता. दिवसभर शाळेत, कार्यालयात किंवा अग्निशमन दलात नोकरी करायची, रात्री उशिरा मिळालेल्या वेळेत सराव करायचा आणि शनिवार-रविवारी प्रवास करून सामने खेळायचे, असा बहुतेकींचा क्रम होता. दहा वर्षांनी, 2017-18 च्या हंगामात, पहिल्यांदा मानधन सुरू झाले: वर्षाला 2,000 ते 10,000 कॅनेडियन डॉलर. 24 मार्च 2019 रोजी कॅल्गरीने लीगच्या अजिंक्यपदाचा क्लार्कसन चषक जिंकला, आणि बरोबर आठवडाभराने, 31 मार्चला, लीग बंद होत असल्याची घोषणा झाली. विजेत्या संघाचे हारतुरेही सुकले नसतील.

अमेरिकेत 2015 मध्ये निघालेल्या दुसऱ्या लीगने सुरुवातीपासून पगार दिला, पण दुसऱ्याच हंगामात तो मध्येच कापावा लागला. 2019 च्या मे महिन्यात दोनशेहून अधिक खेळाडूंनी एकत्र येऊन जाहीर केले की, पोटापुरते वेतन आणि विमा देणारी लीग उभी राहीपर्यंत आम्ही उत्तर अमेरिकेतील कोणत्याही लीगमध्ये खेळणार नाही. ऐन उमेदीची चार वर्षे त्यांनी अशी पणाला लावली. या बहिष्काराकडे मी या साऱ्या इतिहासातील सर्वांत निर्णायक गोष्ट म्हणून पाहतो. चषक आणि विक्रम त्याच्यापुढे दुय्यम आहेत. 2023 मध्ये अमेरिकी उद्योगपती मार्क वॉल्टर आणि टेनिसपटू बिली जीन किंग यांच्या गटाने ती दुसरी लीग विकत घेऊन बंद केली आणि सहा शहरांची नवी लीग, म्हणजेच आजची पीडब्ल्यूएचएल, उभी केली. खेळाडूंच्या संघटनेशी झालेल्या करारात किमान वेतन 35,000 अमेरिकी डॉलर ठरले आणि प्रत्येक संघात किमान सहा जणींना 80,000 वा त्याहून अधिक देण्याचे बंधन आले.

ही पार्श्वभूमी माहीत असली की प्रक्षेपणातल्या साध्या गोष्टीही बोलू लागतात. पहिल्या हंगामाचे सामने पाहा: गणवेशावर ना संघाचे नाव, ना बोधचिन्ह, छातीवर तिरक्या अक्षरांत नुसते शहराचे नाव. लीग सहा महिन्यांत उभी करायची होती, नावे ठरवायला वेळ नव्हता. ती दुसऱ्या हंगामाआधी आली. 1 जानेवारी 2024 रोजी टोरंटोत झालेल्या पहिल्या सामन्यात न्यूयॉर्कने यजमानांना 4-0 असे हरवले आणि लीगचा पहिला गोल एला शेल्टनने केला. त्याच वर्षी 20 एप्रिलला माँट्रियलमध्ये 21,105 प्रेक्षक आले. महिला आइस हॉकीच्या सामन्याला इतकी गर्दी त्यापूर्वी जगात कुठेही झाली नव्हती. तो सामना पाहताना प्रेक्षकांकडेही जरूर पाहावे, कारण त्यांत हातात फलक धरलेल्या लहान मुली जागोजाग दिसतात.

भारतीय प्रेक्षकाला आणखी एक धागा जोडता येतो. आपल्याकडे ही हॉकी लडाखच्या मुली गोठलेल्या तळ्यांवर शिकल्या. 2016 मध्ये भारताचा महिला संघ पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला, 2017 मध्ये त्याने पहिला विजय मिळवला, आणि 2025 मध्ये संयुक्त अरब अमिरातीतील अल ऐन येथे झालेल्या आशिया चषकात कांस्यपदक जिंकले. गोलरक्षक नूर जहाँ यांचा व्यवसाय जुन्या कलाकृतींचे जतन करण्याचा. लडाखची हॉकी आज तिथेच आहे, जिथे कॅनडाची हॉकी दीर्घकाळ होती: नोकरी सांभाळून, उसन्या साहित्यावर, देणग्यांवर. कॅनडाची ऑलिंपिक विजेती हॉकीपटू हेली विकेनहायझर 2018 मध्ये लेहला साहित्य घेऊन आली आणि तिथल्या मुलींबरोबर बर्फावर उतरली, ती स्वतः याच वाटेने आलेली असल्यामुळे.

गुण द्यायचेच झाले तर पाचपैकी चार. राखून ठेवलेला एक गुण इतिहासासाठी. प्रत्येक सामन्यात वीस मिनिटांचे तीन भाग असतात आणि मध्ये दोन लांब विश्रांती. त्या वेळात मुलाखती आणि ठळक क्षण दाखवतात, ते चांगलेच आहे. पण त्यातली पाच मिनिटे जरी रिव्ह्युलेट्सना किंवा 2019 च्या बहिष्काराला मिळाली, तरी नव्या देशांतल्या प्रेक्षकांची फार सोय होईल. लहान मुलांबरोबर पाहणाऱ्यांसाठी एक सूचना: या लीगमध्ये अंगावर जाऊन अडवण्याला महिलांच्या इतर स्पर्धांपेक्षा जास्त मोकळीक आहे, त्यामुळे कठड्यावर आदळण्याचे आवाज वारंवार येतात, मुले त्याने घाबरत नाहीत, आजीला मात्र आधी सांगून ठेवावे. सुरुवात 1 जानेवारी 2024 च्या सामन्यापासून करावी, लगेच 20 एप्रिलचा पाहावा, आणि थेट प्रक्षेपणाकडे त्यानंतर वळावे.